कोडॉन हरला तर त्याचं काय जातं?

मी संख्याशास्त्राची. जीवशास्त्र शाळेनंतर सुटलं ते सुटलंच. जनुकीय संकेताचा तक्ता मी पहिल्यांदा नीट पाहिला तो चाळिशी उलटल्यावर, जीवरसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका जुन्या मैत्रिणीच्या टेबलावर. जनुकांच्या मजकुरात चार अक्षरं, यू, सी, ए आणि जी; त्यांचे तीन-तीन अक्षरांचे शब्द, म्हणजे एकूण 64 कोडॉन. त्यातले 61 मिळून, प्रथिनं ज्यांच्या साखळीने बनतात त्या 20 अमिनो आम्लांची नावं सांगतात. उरलेले तीन, यूएए, यूएजी आणि यूजीए, एवढंच सांगतात की प्रथिन इथे संपलं. जीवाणूपासून देवमाशापर्यंत तक्ता जवळजवळ तोच. तिने सहज विचारलं, "हाच तक्ता का? दुसरा का नाही?" मी तेव्हा गेम थिअरीवर, म्हणजे एकाचा लाभ दुसऱ्याच्या चालीवर अवलंबून असतो अशा खेळांच्या गणितावर, काम करत होते. म्हटलं, "मांडून बघते." त्या दोन शब्दांनी पुढचं दीड वर्ष घेतलं.

आधी ठाऊक असलेलं वाचून काढलं. 1961 साली निरेनबर्ग आणि मथाई यांनी नुसत्या यू अक्षराची माळ पेशीच्या रसात टाकली आणि फिनाइलअ‍ॅलॅनिनची साखळी मिळवली, तो पहिला शब्द. 1966 पर्यंत तक्ता भरला. 1968 साली निरेनबर्ग, हरगोविंद खोराना आणि हॉली यांना नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी फ्रान्सिस क्रिकने, डीएनएची रचना उलगडणाऱ्या जोडीतल्या एकाने, या तक्त्याला ‘गोठलेला अपघात’ म्हटलं. त्याचा मुद्दा असा: एका कोडॉनचा अर्थ बदलला की तो कोडॉन जिथे जिथे आहे त्या सगळ्या प्रथिनांत एकदम बदल होतो, आणि एवढा धक्का सोसून जीव जगत नाही. म्हणून सुरुवातीला जे जमून गेलं तेच कायम राहिलं.

पण तक्ता नुसता जमून गेलेला दिसत नाही. यूयूयू घ्या. त्याचं एक अक्षर बदलून नऊ शेजारी शब्द तयार होतात. एक पुन्हा फिनाइलअ‍ॅलॅनिनच, तीन ल्यूसीन, आणि आयसोल्यूसीन, व्हॅलीन, सेरीन, टायरोसीन, सिस्टीन प्रत्येकी एक. जीवशास्त्रज्ञ कार्ल वूज यांनी प्रत्येक आम्लाला पाण्याच्या ओढीचा एक आकडा दिला होता. फिनाइलअ‍ॅलॅनिन 5.0, ल्यूसीन 4.9, व्हॅलीन 5.6. नवांपैकी एकटं सेरीन 7.5 वर, जरा दूर. अ‍ॅस्पार्टिक आम्ल 13.0 वर असतं, ते या शेजारात येतच नाही. म्हणजे वाचताना एका अक्षराची चूक झाली तरी बहुतेक वेळा साधारण त्याच जातीचं आम्ल बसतं. हे गणित मी एका संध्याकाळी कागदावर केलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. हेग आणि हर्स्ट यांनी 1991 साली संगणकावर यादृच्छिक तक्ते बनवून हेच तपासलं होतं, आणि फ्रीलंड व हर्स्ट 1998 साली या निष्कर्षाला आले की त्यांच्या मापाने असा तक्ता दहा लाखांत एक. कोडॉनचे गट तसेच ठेवून नुसती 20 आम्लं आपसांत फिरवली तरी 2.4 गुणिले 10 चा 18 वा घात इतके तक्ते होतात. त्या ढिगातला हा एक.

इथे मी अडले. ‘चांगला आहे’ हे कळलं, पण चांगला तक्ता आला कसा आणि टिकला कसा हे त्यातून कळत नव्हतं. शिवाय हा हिशेब एकट्याचा होता. एक तक्ता घ्या, त्याला गुण द्या, दुसरा घ्या, त्याला गुण द्या. यात खेळ कुठे आहे? माझा लाभ तुमच्या चालीवर अवलंबून असेल तेव्हाच तो खेळ होतो.

तरी उत्साहात मी पहिला आराखडा बनवला. कोडॉन हे खेळाडू, आम्लं ही बक्षिसं. प्रत्येक कोडॉन आपल्या शेजारी कोडॉनांकडे बघून आम्ल निवडतो, शेजाऱ्याशी जुळतं आम्ल असेल तर त्याला जास्त लाभ. प्रोग्राम चालवला तर सुंदर चित्रं आली. सारख्या आम्लांचे पट्टे आपोआप तयार होत होते, खऱ्या तक्त्यासारखे. मी ती चित्रं घेऊन मैत्रिणीकडे गेले. तिने ती शांतपणे पाहिली आणि विचारलं, "कोडॉन हरला तर त्याचं काय जातं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोडॉनला पोरंबाळं नसतात. तो हरला म्हणून त्याची संख्या घटत नाही, जिंकला म्हणून वाढत नाही. मी ज्याला लाभ म्हणत होते तो कुणालाच पोचत नव्हता. चित्रं छान आली ती मीच शेजाऱ्याशी जुळवून घेण्याचा नियम घातला होता म्हणून. मी घातलेलं मलाच परत मिळत होतं.

तीन महिन्यांचं काम बाजूला ठेवलं आणि मेनार्ड स्मिथ आणि प्राइस यांच्या 1973 च्या लेखाकडे परत गेले. तो मी विद्यार्थिदशेत वाचला होता, पण या नजरेने नाही. प्राण्यांच्या झुंजीवरचा लेख आहे. त्यांनी गेम थिअरीतून विचार करणारा खेळाडू काढूनच टाकला. डावपेच म्हणजे वारशाने मिळालेली वागणूक, लाभ म्हणजे संततीची संख्या. सगळे एक डावपेच खेळत असताना थोडे जण वेगळा डावपेच घेऊन आले आणि त्यांचा टिकाव लागला नाही, तर पहिला डावपेच उत्क्रांतिदृष्ट्या स्थिर. इथे कुणाला अक्कल लागत नाही. वाढणं लागतं. म्हणजे माझा खेळाडू वाढणारा हवा. पेशींचा वंश हवा. तक्ता हा खेळाडू नव्हे, तो त्या वंशाचा डावपेच.

आणि मग मराठीनेच मला हात दिला. आपण याला जनुकीय संकेत म्हणतो. संकेत म्हणजे खूण, हे झालंच. पण संकेत म्हणजे रूढी, सगळ्यांनी न बोलता मान्य केलेली गोष्ट; शिष्टसंकेत म्हणतो तो हाच. आणि जुन्या काव्यातलं संकेतस्थळ म्हणजे दोघांनी भेटायची ठरवलेली जागा. नदीकाठ की वडाखाली, याला महत्त्व नाही. दोघं एकाच ठिकाणी पोचले पाहिजेत. गेम थिअरीत ज्याला समन्वयाचा खेळ म्हणतात तो अख्खाच्या अख्खा या एका शब्दात आहे. तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी 1969 साली रूढींवरच्या पुस्तकात हाच खेळ मांडला: एक जण परिस्थिती पाहून खूण करतो, दुसरा खूण पाहून कृती करतो, आणि दोघांचा लाभ एकच. खुणेला अर्थ मुळात नसतो, तो दोघांच्या जुळण्यातून येतो.

पेशीत खूण करणारा कोण? जनुकं. इथे ल्यूसीन हवं आहे तर कोणता कोडॉन लिहायचा, हा त्यांचा डावपेच. वाचणारा कोण? टी-आरएनए, म्हणजे कोडॉन ओळखून त्याचं आम्ल आणून बसवणारे रेणू, आणि त्यांना योग्य आम्ल जोडणारी विकरं. यूयूयू आला तर काय बसवायचं, हा त्यांचा डावपेच. दोघं एकाच पेशीत राहतात, एकत्र जगतात, एकत्र मरतात, म्हणून हितसंबंधाचा वाद नाही. कोडॉन आणि आम्ल यांच्यात रासायनिक आकर्षण असो वा नसो, जुळवणी ही विकरं करतात. अर्थ तिथे ठरतो.

64 कोडॉन घेऊन सुरुवात करायची चूक मी पुन्हा केली नाही. दोनच अक्षरं घेतली, 0 आणि 1, दोन-दोन अक्षरांचे शब्द: 00, 01, 10, 11. आम्लं दोन, क आणि ख. एकूण तक्ते 16. त्यातल्या दोघांत सगळ्या शब्दांचा अर्थ एकच, ते निरुपयोगी. उरले 14. हे सगळे हाताने तपासता येतात आणि मी तपासले. वाचताना कधीकधी एक अक्षर चुकतं, पहिलं किंवा दुसरं, दोन्हींची शक्यता सारखी, असं धरलं.

चार तक्ते ‘पट्ट्याचे’ निघतात: उदाहरणार्थ पहिलं अक्षर 0 असेल तर क, 1 असेल तर ख. इथे दुसरं अक्षर चुकलं तर काही बिघडत नाही, म्हणजे निम्म्या चुका पचतात. दोन तक्ते ‘चौकड्यांचे’: 00 आणि 11 म्हणजे क, 01 आणि 10 म्हणजे ख. इथे प्रत्येक चूक अर्थ पालटते. उरलेले आठ ‘एकास तीन’: 00 म्हणजे क, बाकी तिन्ही ख. घोडं पेंड खात होतं ते या तिसऱ्या प्रकारात.

ख साठी तीन शब्द आहेत आणि जनुकं तिन्ही सारखेच वापरतात असं धरलं, तर 01 आणि 10 या शब्दांच्या निम्म्या चुका बाधतात, 11 ची एकही नाही. सरासरी एकतृतीयांश. क च्या मात्र सगळ्या चुका बाधतात. दोन्ही आम्लं सारखीच लागत असतील तर एकूण दोनतृतीयांश चुका बाधल्या. पट्ट्याच्या तक्त्यात निम्म्याच बाधतात. तेव्हा पट्टा जिंकला, असं मी लिहून टाकलं होतं.

मग लक्षात आलं की मी एकाच खेळाडूला खेळू दिलं आणि दुसऱ्याचे हात बांधले. लिहिणारा तिन्ही शब्द सारखे का वापरेल? 11 सुरक्षित आहे तर कालांतराने ख साठी 11 च लिहिणारी जनुकं वाढतील. तसं झालं की ख ची एकही चूक बाधत नाही, क च्या सगळ्या बाधतात, एकूण निम्म्या. पट्ट्याशी बरोबरी! आणि ख जर क पेक्षा जास्त वेळा लागत असेल तर ‘एकास तीन’ पट्ट्याच्या पुढे जातो. खऱ्या तक्त्यात ल्यूसीनला सहा कोडॉन आणि ट्रिप्टोफॅनला एकच, आणि प्रथिनांत ल्यूसीन भरपूर तर ट्रिप्टोफॅन दुर्मीळ. माझ्या चार शब्दांच्या खेळण्यात तीच वाटणी डोकावत होती. एवढ्याशा उदाहरणावरून मोठा दावा करणार नाही, पण तक्ता आणि त्यातलं लेखन वेगवेगळं तपासायचं नाही, हे माझ्या मनात त्या दिवशी पक्कं बसलं. लिहिणारा वाचणाऱ्याला घडवतो आणि वाचणारा लिहिणाऱ्याला.

हे झालं एका पेशीच्या आतलं. पण मग सगळ्या पेशींचा तक्ता एकच का? प्रत्येक वंश आपापल्या घरात आपापला संकेत जुळवू शकतो. चार शब्दांच्या खेळातच ‘चांगले’ तक्ते एकाहून जास्त होते. 64 शब्दांत तर विचारायलाच नको.

याचं उत्तर व्हेत्सिगियान, वूज आणि गोल्डनफेल्ड यांच्या 2006 च्या लेखात सापडलं. आरंभीच्या जीवांत जनुकं फक्त आईकडून मुलीकडे जात नव्हती, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडेही भरपूर जात होती. शेजाऱ्याचं उपयोगी जनुक तुमच्याकडे आलं, पण तुमचा तक्ता वेगळा असेल तर? हे जवळून बघण्यासारखं आहे. एक छोटा तुकडा घ्या: एयूजी, सीयूजी, यूजीजी, यूजीए. प्रमाण तक्त्याने वाचला तर मेथिओनीन, ल्यूसीन, ट्रिप्टोफॅन, थांब. कँडिडा गटातल्या काही यीस्टनी वाचला तर सीयूजी म्हणजे सेरीन, म्हणून दुसऱ्या जागी पाण्यापासून पळणाऱ्या आम्लाऐवजी पाण्याशी सलगी करणारं आम्ल. मायकोप्लाझ्मा जीवाणूने वाचला तर यूजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन, तेव्हा तो थांबतच नाही, पुढे वाचतच जातो. मजकूर एक, प्रथिनं तीन. ज्याचा तक्ता शेजाऱ्यांशी जुळतो त्याला शेजारपाजारच्या साऱ्या शोधांचा वाटा फुकट मिळतो. ज्याचा जुळत नाही तो एकटा पडतो.

आता हा खरा खेळ झाला. माझा लाभ किती जण माझ्यासारखे वाचतात यावर अवलंबून आहे. मी दोन तक्ते घेतले. जुन्या तक्त्याचा लाभ, तो वापरणाऱ्यांच्या प्रमाणाला 1 ने गुणून. नवा तक्ता 20 टक्के सरस, म्हणून त्याचा लाभ त्याच्या प्रमाणाला 1.2 ने गुणून. समतोल कुठे येतो? नव्याचं प्रमाण 1 भागिले 2.2, म्हणजे सुमारे 45 टक्के झालं की. त्याच्या खाली नवा तक्ता घटत जातो, वर गेला तर सगळं व्यापतो. 20 टक्के सरस असूनही जवळजवळ निम्म्यांनी आधी बदलायला हवं! दुप्पट सरस असेल तरी एकतृतीयांश हवेत. दहापट सरस असेल तरी 9 टक्के. क्रिकने म्हटलेलं गोठणं आता मला वेगळ्या बाजूने दिसलं. त्याच्या मते बदल मारक होता तो पेशीच्या आतल्या प्रथिनांमुळे. इथे आतलं सगळं ठीक असलं तरी शेजाऱ्यांशी तुटल्यामुळे बदल हरतो.

मी मैत्रिणीला लगेच कळवलं की गोठण्याचं कारण मिळालं. घाई झाली. तिने साधा प्रश्न केला: "सगळे सगळ्यांना भेटतात, असं तू धरलं आहेस ना?" धरलं होतं. जीव डबक्यांत, भेगांत, थरांत राहतात. जवळच्याला भेटतात, लांबच्याला नाही.

म्हणून एक मोठा पट मांडला, बुद्धिबळासारखा. प्रत्येक घरात एक वंश, प्रत्येकाला आठ शेजारी. आपल्यासारखा प्रत्येक शेजारी जुन्या तक्त्याला 1 गुण देतो, नव्याला 1.2. पटाची अर्धी बाजू जुन्यांची, अर्धी नव्यांची, मधे सरळ सीमा. सीमेवरच्या जुन्या घराला पाच शेजारी आपले, तीन परके: 5 गुण. सीमेवरच्या नव्याला तसेच पाच आपले: 6 गुण. नवा जिंकायला हवा. प्रोग्राम चालवला, सीमा तसूभर हलली नाही. पुन्हा चालवला, तेच. दोन आठवडे मी चूक शोधत होते आणि चूक सापडेना, कारण प्रोग्राम मी सांगितलं तेच करत होता. मी नियम घातला होता की प्रत्येक घराने आठही शेजारी बघावेत आणि सगळ्यांत यशस्वी असेल त्याची नक्कल करावी. सीमेवरच्या जुन्या घरामागे एक आतलं जुनं घर असतं, त्याचे आठही शेजारी जुने, त्याला 8 गुण. 8 हे 6 पेक्षा मोठे. म्हणून सीमेवरचा जुना आपल्याच माणसाची नक्कल करतो आणि जुनाच राहतो. सीमा हलायला पाच गुणिले नव्याचा लाभ 8 च्या वर जायला हवा, म्हणजे नवा 60 टक्क्यांहून जास्त सरस हवा.

नियम बदलला. आता प्रत्येक घर एकच शेजारी चिठ्ठी टाकून निवडतं आणि तो आपल्यापेक्षा वरचढ असेल तरच त्याची जागा घेऊ देतं. सीमेवरच्या 5 गुणांच्या जुन्यासमोर 6 गुणांचा नवा आला की जुना जातो. उलट बाजूने 6 गुणांच्या नव्यासमोर 5 गुणांचा जुना आला तर काही होत नाही. सीमा हलू लागली, अडखळत का होईना. लाभ तेच, तक्ते तेच, पट तोच. नक्कल कशी होते एवढंच बदललं आणि उत्तर पालटलं.

यातला कोणता नियम खरा? मला दुसरा जवळचा वाटतो. पेशी चहूकडे बघून सर्वोत्तम निवडत नाही. शेजारची पेशी वाढते आणि एक जागा बळकावते, एवढंच घडतं. पहिला नियम मी नकळत माणसांच्या जगातून आणला होता. पण दुसऱ्या नियमातही एकटा नवा टिकत नाही. जुन्यांच्या समुद्रात त्याला शून्य गुण. चार घरांचा ठिपका असला तरी प्रत्येकाला तीन आपले शेजारी, 3.6 गुण, आणि भोवतालच्या जुन्यांना 6 किंवा 7. ठिपका विरघळतो. नव्याला आधी कुठेतरी आडबाजूला, तुटलेल्या डबक्यात, पुरेसं मोठं व्हावं लागतं. मग सीमा भिडली तर तो पुढे सरकू शकतो. मी मैत्रिणीला लिहिलं की माझा आधीचा निष्कर्ष मागे घेते: तक्ता गोठतो तो सगळे एकमेकांत मिसळलेले असतील तर. विखुरलेले असतील तर चांगल्या तक्त्याला वाट आहे.

इथपर्यंत आल्यावर अपवादांकडे बघण्याची हिंमत झाली. 1979 साली माणसाच्या तंतुकणिकांत, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या आणि स्वतःचा छोटा डीएनए असलेल्या घटकांत, वेगळा तक्ता सापडला: यूजीए म्हणजे थांब नव्हे तर ट्रिप्टोफॅन, एयूए म्हणजे आयसोल्यूसीन नव्हे तर मेथिओनीन. माझ्या खेळात हे बरोबर बसतं. तंतुकणिकेचा डीएनए माणसात 16,569 अक्षरांचा, त्यात प्रथिनांची जनुकं फक्त 13. एका कोडॉनचा अर्थ बदलला तर मोडतोड थोडकी. शिवाय ती पेशीच्या आत बंद, शेजाऱ्यांशी जनुकांची देवघेव जवळजवळ नाही, म्हणजे एकटं पडण्याचा तोटाही नाही. दोन्ही खर्च कमी असतील तिथेच तक्ता हलतो. ई. कोलाय या जीवाणूत शास्त्रज्ञांनी 2013 साली यूएजी हा कोडॉन साफ काढून टाकला, तेव्हा तोच निवडण्यामागे हाच हिशेब होता: सगळ्या जीनोममध्ये तो फक्त 321 ठिकाणी होता.

आणि त्याच जीवाणूने मला पुढचा धडा दिला, कारण त्यावर टी7 या जीवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूचा जोर कमी पडला. विषाणू आपलं जनुक यजमानाच्या तक्त्यात लिहून आणतो. यजमानाने तक्ता बदलला की विषाणूचा मजकूर चुकीचा वाचला जातो. शेजाऱ्यासारखं वाचण्याचा जो फायदा, तोच धोका! ज्या दारातून शोध येतात त्याच दारातून चोर. मग 2019 साली केंब्रिजच्या प्रयोगशाळेत 18,214 जागा बदलून फक्त 61 कोडॉनांवर चालणारा ई. कोलाय तयार झाला, आणि 2021 साली त्यातले रिकामे पडलेले टी-आरएनए काढल्यावर त्यावर अनेक विषाणू निष्प्रभ ठरले.

मी खेळात विषाणू घातला. तो सगळ्यांत प्रचलित तक्त्यात लिहितो, म्हणून तक्ता जितका प्रचलित तितकं नुकसान जास्त. हे नुकसान, म्हणजे तक्त्याचं प्रमाण गुणिले एक गुणक, लाभातून वजा केलं. गुणक 0.4 ठेवला तर फार फरक पडत नाही, बहुसंख्यच जिंकतात. 1.5 ठेवला तर चित्र उलटं होतं: जो कमी प्रचलित त्याचं भलं. जुना 37.5 टक्के आणि नवा 62.5 टक्के अशा वाटणीवर दोघं कायम नांदतात. असं असेल तर पृथ्वीवर डझनभर तक्ते बरोबरीने का नाहीत? मला वाटतं, विषाणू स्वस्थ बसत नाही म्हणून. टी4 विषाणू स्वतःचे आठ टी-आरएनए बरोबर घेऊन फिरतो. आणि 61 कोडॉनांच्या त्या जीवाणूलाही गाठणारे, स्वतःचा टी-आरएनए आणणारे विषाणू निसर्गात सापडलेच. म्हणजे वेगळेपणाचा फायदा थोड्या काळाचा, तोटा कायमचा. या भागाबद्दल माझं मत ठाम आहे, पण ते मत आहे. गुणक मी ठरवलेला आहे, मोजलेला नाही.

मैत्रिणीने अलीकडे पुन्हा एक प्रश्न टाकला आहे. माझ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक कोडॉनसमोर एकच आम्ल लिहिलेलं असतं. ती म्हणाली, "कँडिडा अल्बिकन्सचं सीयूजी बघ." त्या यीस्टमध्ये सीयूजी वाचणारा टी-आरएनए बहुतेक वेळा सेरीन बसवतो, पण साधारण 3 टक्के वेळा ल्यूसीन. प्रयोगशाळेत ल्यूसीनचं प्रमाण खूप वाढवूनही ते यीस्ट जगलं. गेम थिअरीत मिश्र डावपेच म्हणून एक कल्पना आम्ही पहिल्याच वर्षी शिकवतो: कधी ही चाल, कधी ती, ठरावीक प्रमाणात. मी ती आजवर नुसती कागदावरची सोय समजत होते. काल प्रोग्राममधली ती ओळ उघडली, सीयूजीसमोर सेरीनला 0.97 आणि ल्यूसीनला 0.03 लिहिलं. आता बाकीच्या 63 ओळीही तशाच, प्रमाणांच्या करायच्या आहेत. यूजीएपासून सुरुवात केली आहे.